हूडची मागची खिडकी

१९९६ साली श्टुटगार्टच्या पोर्शे कारखान्याने ‘बॉक्सस्टर’ नावाची जी दोन आसनांची मोटार बाजारात आणली, तिचे कापडी हूड पुढच्या काचेवरील खिटी सोडवून बटण दाबताच १२ सेकंदांत घडी होऊन आसनांच्या पाठीमागे झाकणाखाली जात असे. आणि या करामतीचे त्या काळी एवढे कौतुक झाले की, त्याच हूडच्या पाठीला बसविलेली रुंद खिडकी काचेची नसून मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकची आहे, या तपशिलाकडे हौसेने मोटार घेणाऱ्यांपैकी थोड्यांचेच लक्ष गेले असावे. काही उन्हाळे आणि काही हिवाळे उलटले की मात्र ती खिडकी आपण होऊन लक्ष वेधू लागते. प्रथम आरशात दिसणारा मागचा रस्ता किंचित दुधी होतो, मग पिवळसर होतो; रात्री पाठीमागून येणाऱ्या वाहनाचे दिवे असंख्य बारीक ओरखड्यांवर विखरून एका मोठ्या तेजोवलयात मिसळतात आणि ते वाहन किती अंतरावर आहे याचा अदमास लागेनासा होतो; आणि शेवटी एखाद्या थंड सकाळी हूड उघडताना, वर्षानुवर्षे जेथे घडी पडत आली त्याच रेषेवर, टचकन चीर जाते.

एवढ्या मोलाच्या वाहनाला ही एवढी नाजूक वस्तू कारखानदाराने का लावावी, असा प्रश्न खिडकी बदलून घेण्याची पाळी आलेला बहुतेक प्रत्येक मालक विचारतो, आणि त्याचे उत्तर तो कारखान्याच्या काटकसरीत शोधतो. माझ्या मते हा निवाडा घाईचा आहे. १९८९ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात मर्सिडीझने जी ‘एसएल’ मांडली, जिच्यात मोटार उलटण्याचा संभव दिसताच संरक्षक दांडा एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात आपोआप उभा राहण्याची तजवीज होती, तिच्याही कापडी हूडला प्लॅस्टिकच्याच खिडक्या होत्या. आणि त्या मोटारीच्या बाबतीत कारखान्याने खर्चाकडे पाहून हात आखडला, असे कोणीही म्हणणार नाही. खरे कारण घडीच्या भूमितीत आहे. हूडचा सांगाडा म्हणजे सांध्यांवर फिरणाऱ्या आडव्या कमानींची एक मालिका. कमानी एकमेकींवर येऊन बसतात तेव्हा त्यांच्यामधले कापड पदर पाडून आत जाते, आणि जी वस्तू पदर पाडू शकत नाही तिला सबंधच्या सबंध कोठेतरी आडवी ठेवण्याची जागा लागते. ओस्नाब्रुकच्या कार्मान कारखान्याने १९४९ पासून फोक्सवॅगन ‘बीटल’चे जे उघडे रूप बांधले, त्याच्या जाड, अस्तरबंद हूडमध्ये काचेची लहानशी खिडकी होती खरी, परंतु ते हूड खाली केले म्हणजे त्याचा ढीग मोटारीच्या पाठीवर इतका उंच बसे की उघड्या मोटारीतूनही मागचे नीट दिसत नसे. बॉक्सस्टरचे इंजिन आसनांच्या लगत पाठीमागे, मागच्या आसाच्या अलीकडे असल्याने तेथे हूडसाठी उरलेली पोकळी अगदी उथळ होती. त्या पोकळीत मोठी काच मावणे शक्य नव्हते, आणि लहान काच लावावी तर मागचे दृश्य आखडते. शिवाय वजनाचा हिशेब निराळाच. एक मिलिमीटर जाडीची, अर्धा चौरस मीटर क्षेत्रफळाची प्लॅस्टिकची खिडकी जेमतेम सहाशे ग्रॅम भरते. त्याच आकाराची साडेतीन मिलिमीटर जाडीची काच चार किलोग्रॅमच्या पुढे जाते, आणि हे सारे वजन मोटारीच्या सर्वांत वरच्या भागात, हलत्या सांगाड्यावर पडते.

पोर्शेपुरते बोलायचे तर हा झगडा बॉक्सस्टरच्या कितीतरी आधीचा आहे. १९६५ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दाखविलेल्या ‘९११ टार्गा’ या मोटारीला सुरुवातीस मागे चेनने उघडता येणारी मऊ प्लॅस्टिकची खिडकी होती. दोन-तीन वर्षांतच तिच्याऐवजी वळणदार, पक्की काच मागून घेण्याची सवलत ग्राहकांना देण्यात आली आणि पुढे मऊ खिडकी इतिहासजमा झाली. बॉक्सस्टरच्या बाबतीतही तेच घडले. २००३ च्या आवृत्तीपासून तिला आकाराने लहान, पण तापविण्याच्या तारा असलेली काचेची खिडकी मिळाली. तोवर बनलेल्या मोटारींच्या, म्हणजे श्टुटगार्टमध्ये आणि फिनलंडमधील उसिकाउपुंकी येथे बांधल्या गेलेल्या हजारो गाड्यांच्या वाट्याला मात्र प्लॅस्टिकच आले, आणि ते बदलण्याचे काम आज जगभरच्या कारागिरांच्या हातून चालू आहे.

हे प्लॅस्टिक म्हणजे नेमके काय, हे समजल्यावाचून ते का झिजते हे कळत नाही, आणि ते का झिजते हे कळल्यावाचून ते बदलताना कोठे कसूर करून चालणार नाही हेही उमगत नाही. लवणारी पण आरपार दिसू देणारी वस्तू ही निसर्गात फार दुर्मिळ. अगदी आरंभीच्या मोटारींच्या बाजूच्या पडद्यांना अभ्रकाचे तुकडे लावीत; ते उन्हाला दाद देत नसत, पण त्यांचे पापुद्रे सुटत. नंतर सेल्युलॉइड आले. कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या पदार्थात कापूर मिसळून ते करीत, आणि त्यातला कापूर हाच त्याच्या लवचीकपणाचा आधार असे. देवघरातल्या डबीतला कापूर न जाळताही कमी होत जातो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सेल्युलॉइडमधूनही तो तसाच हळूहळू उडून जातो, आणि मागे राहिलेला पत्रा आक्रसतो, पिवळा पडतो, तडकतो. १९१३ साली झळकलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दादासाहेब फाळक्यांनी ज्या फितीवर चित्रित केला ती फीतही याच जातीची होती, आणि त्या काळचे अनेक चित्रपट जे आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत त्याचे एक कारण या पदार्थाच्या नाशवंत आणि ज्वालाग्राही स्वभावात आहे. मोटारीच्या खिडकीला सेल्युलॉइड सोडून दुसरे काही शोधणे भाग होते.

ते दुसरे काही म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड, ज्याला आपण पीव्हीसी म्हणतो. त्याच्या जन्माची हकीकत मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्हिनिल क्लोराइड हा वायू बंद काचनळीत उन्हात ठेवला असता नळीत एक पांढरा घन पदार्थ साचलेला त्याला आढळला. अर्थात ज्या सूर्यप्रकाशाने हा पदार्थ घडविला, तोच पुढे त्याचा वैरी ठरावयाचा होता. तो पांढरा पदार्थ कठीण, ठिसूळ आणि तापविला की विघटित होणारा, त्यामुळे पुढील अर्धशतक तो फारसा कोणाच्या उपयोगी पडला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वॉल्डो सेमन या संशोधकाने, रबर धातूला चिकटविण्याचा उपाय शोधत असताना, हा पदार्थ फार वरच्या तापमानाला उकळणाऱ्या एका द्रावकात तापविला. थंड झाल्यावर त्याच्या हाती रबरासारखा लवणारा गोळा आला. आजचे रेनकोट, विजेच्या तारांवरील वेष्टन, रुग्णालयातील रक्ताच्या पिशव्या आणि आपली ही हूडची खिडकी, ही सारी त्या गोळ्याची संतती होय.

त्यातले मर्म असे. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांवर क्लोरिनचे अणू असल्याने त्या साखळ्या परस्परांना घट्ट ओढून धरतात, आणि म्हणून शुद्ध पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत ताठ राहतो. त्यात तेलासारखा एक द्रव मिसळला की त्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून थोडे दूर सारतात, साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात, आणि पदार्थ मऊ पडतो. या द्रवाला मृदुकारक म्हणावे. कारखान्यांत त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. लवणाऱ्या खिडकीच्या वजनाचा सुमारे पाव ते तिसरा हिस्सा या द्रवाचाच असतो, आणि मुख्य गोष्ट ही की तो साखळ्यांशी रासायनिक बंधनाने जखडलेला नसतो. तो तेथे केवळ वस्तीला असतो. खिडकीची मृदुता तिची स्वतःची नव्हे, ती उसनी आहे. उन्हात तापलेल्या मोटारीत हा द्रव कणाकणाने पृष्ठभागावर येतो आणि हवेत उडतो. नव्या मोटारीच्या पुढील काचेवर आतून जो तेलकट पापुद्रा धरतो, त्यातला काही भाग आतल्या प्लॅस्टिकमधून निघालेल्या अशाच द्रवाचा असतो. पुसण्याच्या औषधातील अल्कोहोल वा अन्य द्रावक त्याला ओढून काढतात. जसजसा तो कमी होतो तसतशी खिडकी आक्रसते, शिवणीवर ताण देते, आणि ज्या तापमानाखाली ती काचेसारखी ताठ होते ते तापमान वर सरकत जाते. नवी असताना बर्फातही वाकणारी खिडकी जुनी झाल्यावर साध्या हिवाळ्यातच ताठते, आणि नेमक्या त्या अवस्थेत बटण दाबले की सांगाड्याचे यंत्र तिच्याकडून पूर्वीच्याच घडीची अपेक्षा करते.

पिवळेपणाची कथा वेगळी आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या आणि उष्णतेच्या आघाताने साखळीवरील क्लोरिन आणि शेजारचा हायड्रोजन मिळून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने निसटतात, आणि त्यांच्या जागी साखळीत दुहेरी बंध निर्माण होतो. एक जोडी निसटली की शेजारची निसटणे सोपे होते. शिवाय निसटलेले आम्लच ही क्रिया अधिक वेगाने पुढे ढकलते. असे सात-आठ दुहेरी बंध ओळीने जमले की ती साखळी निळा प्रकाश शोषू लागते, आणि निळा वजा झालेला उजेड आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. बंध आणखी वाढले की तपकिरी. हे रोखण्यासाठी कारखानदार पत्र्यात अतिनील किरण शोषणारी आणि आम्ल पकडणारी द्रव्ये घालतात, पण ती द्रव्ये स्वतः खर्ची पडून रक्षण करतात. त्यांचा साठा संपला की त्यानंतरचा ऱ्हास पूर्वीपेक्षा जलद होतो, आणि म्हणूनच अनेक मालकांना वाटते की खिडकी एकाच उन्हाळ्यात एकाएकी गेली.

तिसरे कारण अगदी साधे यांत्रिक आहे. घडी पडताना खिडकीचे दोन भाग समोरासमोर दाबले जातात, आणि त्यांच्यामध्ये रस्त्यावरची धूळ असतेच. बॉक्सस्टरच्या जाणत्या मालकांनी यावर एक रीत बसविली आहे: हूड अर्धे खाली आले की बटण सोडून ते थांबवावे, मोटारीच्या मागे जाऊन खिडकीच्या मधोमध हाताची कड हलकेच दाबून तिला सरळ रेषेत वळण द्यावे, काहीजण तेथे मऊ पंचाची गुंडाळी ठेवतात, आणि मग उरलेली घडी पुरी करावी. यातून सुटसुटीतपणाचे ते १२ सेकंद जातात, पण खिडकीचे आयुष्य वाढते. ही रीत मला यंत्राच्या उणिवेवर माणसाने काढलेली समंजस तोड वाटते. हूडच्या कडेच्या ताणपट्ट्या सैल पडल्या असतील तर मात्र हाताचे वळणही पुरत नाही, कारण कापड आत ओढले जाण्याऐवजी सांध्यांत सापडते आणि खिडकीची घडी भलतीकडेच पडते. म्हणून खिडकी फाटली की प्रथम या पट्ट्या पाहाव्यात. त्या तशाच ठेवून नवी खिडकी बसविणे म्हणजे दुखण्याचे मूळ ठेवून वर मलम लावणे होय.

बदलण्याच्या आधी एक परीक्षा करून पाहण्यासारखी आहे. खिडकी स्वच्छ पाण्याने धुऊन, सुकवून, तिच्या एका कोपऱ्यावर प्लॅस्टिकसाठी मिळणारे बारीक घर्षक मलम मऊ कापडाने फिरवावे. पिवळेपणा आणि धूसरता पृष्ठभागापुरती असेल तर तो कोपरा स्पष्ट उजळतो आणि सबंध खिडकीला एखाददुसरे वर्ष मिळते. दोष पत्र्याच्या पोटात असेल तर कितीही घासले तरी फरक पडत नाही. घडीच्या रेषेवर पांढरे, आडवे, केसांसारखे तडे दिसू लागले असतील तर घासण्याचा नादच सोडावा, कारण तो पत्रा आता कोणत्या दिवशी फाटणार एवढाच प्रश्न उरलेला असतो.

मग तीन वाटा राहतात. सबंध हूडच नवे घ्यावे. जुन्या सांगाड्यावर बसेल असे काचेची खिडकी असलेले हूड घ्यावे. अथवा कापड तसेच ठेवून केवळ खिडकी बदलावी. पहिल्या दोन वाटा तेव्हाच रास्त, जेव्हा कापडाचेच दिवस भरले असतील. जर्मन हूडचे कापड तीन थरांचे असते, बाहेर ॲक्रिलिकचे विणलेले कापड, मध्ये रबराचा पातळ थर आणि आत पॉलिएस्टर किंवा सूत, आणि त्याची योग्य निगा राखली तर ते खिडकीपेक्षा पुष्कळ अधिक टिकते. काचेची वाट मोहक आहे, कारण काच पिवळी पडत नाही आणि तिच्यात तापविण्याच्या तारा घालता येतात. पण उथळ पोकळीत मावावी म्हणून ती बरीच लहान करावी लागते, आणि ती कापडाला शिवता येत नसल्याने चिकट्याच्या भरवशावर राहते. काही वर्षांनी चिकटा सुटून काच कापडापासून विलग होण्याचे प्रकार अनेक उघड्या मोटारींत घडले आहेत, आणि तो सांधा पुन्हा साधणे शिवणीपेक्षा अवघड असते. ज्याच्या हूडचे कापड धड आहे त्याने केवळ खिडकी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात ही मोटार चालविणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०० प्रमाणे वाहनाच्या मागील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार जावा लागतो, आणि हौसेखातर काळसर छटेचा पत्रा निवडणाऱ्याची या तरतुदीशी गाठ पडू शकते.

पत्रा निवडताना त्याची जाडी आणि तो कसा बनला, हे दोन्ही विचारावे. पारदर्शक व्हिनिल बहुधा पाऊण ते एक मिलिमीटर जाडीत येते. रुळांमधून काढून गुंडाळीने विकला जाणारा माल स्वस्त, पण त्यातून पाहिले असता रस्त्याच्या रेषा नागमोडी हलताना दिसतात. तर दोन गुळगुळीत धातूच्या पत्र्यांमध्ये उष्णतेने दाबून तयार केलेला, स्वतंत्र तुकड्यांनी विकला जाणारा माल महाग, पण त्यातून दृश्य स्थिर राहते. आरशात पाहणे हाच ज्या वस्तूचा एकमेव उपयोग, तिच्या बाबतीत येथे पैसा वाचवू नये. असा तुकडा घडी घालून आणू नये. दोन्ही बाजूंनी कागद लावून सैल गुंडाळावा, आणि काम पुरे होईपर्यंत तो कागद काढू नये.

आता प्रत्यक्ष काम. मुंबई-पुण्यात रिक्षांचे हूड शिवणारे आणि आसनांची गादीकामे करणारे जे कारागीर आहेत, ते रेक्झिनमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची चौकट शिवण्याचे काम पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. रिक्षाच्या पाठीची ती लहान खिडकी आणि बॉक्सस्टरची ही रुंद खिडकी यांचा पदार्थ एक, रोग एक आणि शिवणीचे मूलतत्त्वही एक. फरक आहे तो ताणाचा. रिक्षाचे हूड बहुतेक काळ एका जागी ताणलेले असते. बॉक्सस्टरचे हूड प्रत्येक वेळी मुडपून पुन्हा ताणले जाते, आणि ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वेगाला बाहेरच्या हवेचा दाब कमी होऊन खिडकी बाहेर फुगते. म्हणून येथे माप चुकणे परवडत नाही.

माप घेण्याचा क्रम असा असावा. जुनी खिडकी उसवण्याआधीच, हूड बंद आणि ताणलेले असताना, तिच्या चौफेर कडेवर कापडाला आणि प्लॅस्टिकला जोडीच्या खुणा कराव्यात आणि मध्यरेषा वर-खाली आखावी. मग हूडची मागील किनार मोटारीच्या अंगापासून सोडवावी. कोणी सबंध हूड उतरवून यंत्रापाशी नेतात, कोणी मागचा भाग मोकळा करून यंत्रच मोटारीपाशी आणतात. शिवण टाका टाका करून उसवावी. कात्रीने खिडकी कापून काढण्याची घाई करू नये, कारण जुनी खिडकी हाच नव्या खिडकीचा नमुना असतो. तथापि हा नमुना डोळे झाकून प्रमाण मानू नये. वर्षांच्या ओढाताणीत तो एका अंगाला आक्रसलेला असतो; त्याची छाया कागदावर काढून तो कागद मध्यरेषेवर दुमडावा, डावी-उजवी बाजू जुळते का पाहावे, आणि जेथे जुळत नाही तेथे खुणांच्या साक्षीने निर्णय घ्यावा. तापमानाचाही विचार हवा. मऊ पीव्हीसी काचेच्या मानाने कितीतरी पटींनी प्रसरण पावते. भर उन्हात तापलेला पत्रा बेताने कापला तर तो थंडीत काही मिलिमीटर आखडून शिवणीला ओढतो, आणि गारठ्यात ताणून बसविला तर उन्हाळ्यात ढिला पडून लोंबतो. साधारण २० ते २५ अंशांच्या छायेत, पत्रा काही तास तेथेच पसरून ठेवल्यानंतर कापणी करावी.

पीव्हीसीला पडलेले छिद्र पुन्हा भरून येत नाही, ही एक गोष्ट विणलेल्या कापडावर काम करणाऱ्या शिंप्याला नव्याने शिकावी लागते. म्हणून टाचण्या लावू नयेत. कडेच्या आतल्या भागात, जेथे शिवण पडणारच आहे तेथे, दोन्हीकडून चिकट अशी अरुंद पट्टी लावून खिडकी जागेवर धरावी. कोपरे गोल असतात. तेथे पत्रा वळावा म्हणून कडेला काप देण्याची सवय कापडकामात असते, ती येथे कटाक्षाने टाळावी, कारण प्रत्येक काप हे पुढच्या फाटण्याचे तोंड असते. टाका लांब असावा, सुमारे चार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाके मजबूत, असा आपला सर्वसाधारण समज. पण येथे बारीक टाक्यांनी पत्र्याला पोस्टाच्या तिकिटांसारखी फाटण्याची रेषाच आखली जाते. दोरा नायलॉनचा नको, तो उन्हाने कुजतो. अतिनील किरणांना टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरावा, आणि खर्चाची तयारी असेल तर टेफ्लॉनच्या जातीचा, जो उन्हाला जवळजवळ दादच देत नाही. वरचा आणि खालचा पदर बरोबरीने पुढे सरकविणारे जाड कामाचे यंत्र हवे, आणि प्लॅस्टिक पायपट्टीला चिकटू नये म्हणून मध्ये कागदाची पट्टी सरकवीत जावे. शिवण वरच्या कडेच्या मध्यापासून सुरू करून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे न्यावी, म्हणजे कापडाचा थोडाफार ढिलेपणा दोन्ही अंगांना सारखा वाटला जातो. एका टोकापासून सुरू केल्यास तो सगळा दुसऱ्या टोकाला गोळा होतो आणि तेथे जी सुरकुती पडते ती कायमची.

कारखान्यांत शिवणीऐवजी वा शिवणीच्या जोडीला आणखी एक रीत वापरतात. पीव्हीसीच्या रेणूंना विद्युत्ध्रुव असल्याने सेकंदाला सुमारे २.७ कोटी आवर्तने करणाऱ्या विद्युत्क्षेत्रात ते घुसळले जाऊन आतूनच तापतात. दोन पदर धातूच्या साच्यात दाबून हे क्षेत्र क्षणभर दिले की ते एकजीव होतात. रक्ताच्या पिशव्यांची तोंडे अशाच रीतीने बंद केली जातात. व्हिनिलच्या हूडला ही रीत चांगली लागू पडते. ॲक्रिलिकचे कापड मात्र असे वितळून सांधत नाही, म्हणून आधी खिडकीच्या कडेला व्हिनिलची पट्टी सांधून मग ती पट्टी कापडाला शिवणे बरे. सर्वांत वाईट म्हणजे जुन्या खिडकीची कड तशीच ठेवून नवी खिडकी तिच्यावर चिकट्याने डकविण्याचा स्वस्त मार्ग: चिकट्यातील द्रावक पत्र्याला सुरकुत्या पाडतो, उन्हात सांधा सुटतो, आणि त्या कडेवर राहिलेला चिकटा काढता काढता धड असलेल्या कापडाचेही नुकसान होते.

नवी खिडकी बसली की काही दिवस हूड उघडू नये. कापड आणि पत्रा यांना एकमेकांचा ताण जुळवून घेण्यास अवधी लागतो, आणि गुंडाळीचे वळण उन्हाच्या उबेने आपोआप सपाट होते. पुढे स्वच्छतेसाठी भरपूर पाणी, सौम्य साबण आणि मऊ ओले फडके एवढेच पुरे. कोरड्या फडक्याने धूळ झटकणे आणि अमोनियाचे काच पुसण्याचे औषध, ही दोन्ही निषिद्ध समजावीत. पावसाळ्यात भिजलेले हूड घडी करून ठेवू नये, नाहीतर कापडाच्या आतल्या थराला बुरशी धरते आणि ती खिडकीच्या शिवणीतून सर्वत्र पसरते.

राहिली पाण्याची परीक्षा. कारागिराला पैसे चुकते करण्यापूर्वी हूडवर वरून खाली, नळाच्या मंद धारेने, दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडावे आणि आत बसून खालच्या शिवणीला हात लावून पाहावे; दोऱ्याच्या छिद्रांतून थेंब झिरपला तर शिवणीवर पातळ लेप देता येतो. परंतु शिवण कोरडी असून आसनाखाली ओल आढळली, तर दोष कारागिराचा नाही. हूडवरून ओघळलेले पाणी बॉक्सस्टरमध्ये मागच्या दोन्ही अंगांच्या निचऱ्याच्या नळ्यांतून खाली जाते, आणि पालापाचोळा साचून त्या नळ्या तुंबल्या की तेच पाणी मोटारीच्या आत येते. चालकाच्या आसनाखाली चोरीपासून रक्षण करणाऱ्या यंत्रणेची विद्युत्पेटी असते; ती भिजली म्हणजे मोटार सुरूच होत नाही, आणि त्या पेटीचा खर्च खिडकीच्या खर्चाला मागे टाकतो. म्हणून हूडची मागील किनार सोडविलेली असते तेव्हाच, नवी खिडकी लावण्याच्या आधी, त्या नळ्या साफ करून घ्याव्यात, आणि साफ करताना तार घालू नये. लवचीक नळीने वा हलक्या हवेने गाळ मोकळा करावा, म्हणजे नळी खालच्या सांध्यातून निसटत नाही.